टिकल्या लावलेला डबा

मी एकदा मोबाइल फोन ‘फोनो’मध्ये लावला होता. आधीच सांगून टाकते, कारण घरातलं दुसरं कोणी सांगेल तर दुप्पट करून सांगेल.

तेव्हा मी पंचावन्नची, म्हणजे अगदीच अल्लड. पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजीत पहिली यायची, त्याचा माज सौंसरला सासरी येऊन तीस वर्षं झाली तरी उतरला नव्हता. आमच्या ह्यांचा जीव बैठकीतल्या प्रीअॅम्पमध्ये. रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, सगळ्यांच्या वायरी मागून त्या डब्यात शिरायच्या आणि पुढचं बटण फिरवून ज्याचा हवा त्याचा आवाज ऐकायचा. एकदा हे संत्र्याच्या बगीच्यात गेलेले. मला मोबाइलमधली गाणी मोठ्यानं ऐकायची होती. डब्यामागे वाचलं, फोनो. म्हटलं वा, फोनची वेगळी सोय! रेकॉर्ड प्लेअरची वायर उपटली, फोनची खोचली. असा फाटका आवाज निघाला की सासूबाईंच्या हातातली बशी चहासकट खाली.

“अवो बाई, फोनो म्हंजे रेकॉर्ड प्लेअर!” हे आल्यावर ओरडले. “त्याच्या सुईचा आवाज नखाएवढा, म्हणून ते भोक त्याले लय मोठा करते. तू त्यात आधीच मोठा आवाज ओतला!”

“मग ‘सुई’ लिहायचं ना तिथं.”

“आजपासून या डब्याले तू हात लावायचा नाही.”

सासूबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “इंग्रजीवाली बायको पाहिजे होती ना तुले? घे.”

पुढच्या दिवाळीला घराची पोताई झाली. रंगवणाऱ्यांनी सगळ्या वायरी उपटून कोपऱ्यात गुंता करून ठेवला. त्याच आठवड्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं; वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि भाऊबीज दोन दिवसांवर.

सासूबाईंचा एकुलता भाऊ रामाकोना गावचा, भजनं म्हणायचा. तो गेला, त्याची एक कॅसेट राहिली. पहिल्या भजनाआधी तो विचारतो, “ताई, ऐकून राहिली का?” दर भाऊबीजेला सासूबाई ती लावायच्या आणि डेकला ओवाळायच्या. शेजारणीनं एकदा सुचवलं, भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात. त्यावर म्हणाल्या, “चंद्र मले ताई म्हणते का?”

“यंदा राहू दे आई, पुढच्या वर्षी ऐकू,” हे काळ्या चष्म्याआडून म्हणाले. पंच्याऐंशीच्या बाईला पुढच्या वर्षाचं सांगतात का कोणी? सासूबाईंनी पदरानं कॅसेट पुसली आणि डेकवर ठेवली.

भाऊबीजेच्या दिवशी मी डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“काय करून राहिली?” पलंगावरून ह्यांचा आवाज.

“जाळे काढून राहिली.”

आधी बटण बंद केलं, आवाज शून्यावर. एवढी अक्कल त्या सांडलेल्या चहानं दिली होती. मग टिकल्यांचं पाकीट काढलं. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीला मरून टिकली, फोनोच्या भोकाशी मरून. त्याच वायरीसोबत एक बारीक शेपटी होती, ती शेजारच्या स्क्रूखाली कसली. ती सुटली की डबा घूंऽऽ करत बसतो. फोनला पिवळी टिकली, त्याची जागा ‘ऑक्स’, म्हणजे वरच्या यंत्रांसाठी ठेवलेलं साधं भोक. स्पीकरच्या अॅम्पला काळी.

राहिला कॅसेट डेक, हिरव्या टिकलीचा. त्याच्यावर इन आणि आउट, डब्यावरही टेप इन आणि टेप आउट. मी हुशारीनं सारख्या नावांची जोडी लावली, आउटला आउट, इनला इन. बटण चालू केलं, पुढचं बटण टेपवर फिरवलं, आवाज वाढवला. कॅसेट फिरते, आवाज नाही. सासूबाई तबक घेऊन दारात, निरांजन लावलेलं.

“बाई, झालं का?”

हे पलंगावरून उठायला लागले, मी दटावलं, “निजा मुकाट्यानं.” आणि डोक्यात लख्ख पडलं. अगं, तू पांढुर्ण्याच्या दारातून आउट झालीस ती सौंसरच्या दारात इन झालीस ना? आउटमधून निघून आउटमध्येच कोण शिरतं! बटण बंद केलं. डेकचं आउट डब्याच्या इनमध्ये, डब्याचं आउट डेकच्या इनमध्ये. वायरीचं लाल टोक उजव्या भोकात, पांढरं डाव्या. पुन्हा चालू.

“ताई, ऐकून राहिली का?”

“हो रे, ऐकून राहिली,” सासूबाई म्हणाल्या आणि ओवाळायला लागल्या.

तीन भजनं झाली, मग मी मुद्दाम फोन ऑक्सवर लावून दाखवला. साखरेसारखा आवाज. हे चष्मा किंचित वर करून टिकल्या मोजत होते. आज नात त्याच डब्याला नवी यंत्रं जोडते, तीही आधी माझं टिकल्यांचं पाकीट मागते. मी ते तिला लगेच देत नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी तबकातला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सूनबाई, आता त्या डब्याले माह्या पोराले हात लावू देऊ नको.”