हिरव्या काचेचं घर आणि जांभळीचा मांडव

तमाम आदिलाबादकरांना, विशेषतः ज्यांच्या घरावर नुकताच स्लॅब पडला आहे त्यांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की पृथ्वी वाचलेली आहे. तिला वाचवण्याचे कार्य माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, शहराच्या कडेच्या नव्या कॉलनीत, पश्चिमेकडे तोंड करून पार पाडले. नागरिकांनी निर्धास्त झोपावे.

आमचे जवाई शाळेत विज्ञान शिकवतात. मीही मास्तरच, पण मराठीचा, त्यामुळे घर बांधताना माझं मत विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. पाया खणला जात असतानाच त्यांच्या कानावर ‘ग्रीन होम’ हे दोन शब्द पडले आणि तिथून पुढे घरातला प्रत्येक खिळा निसर्गाच्या सेवेत रुजू झाला. पुढच्या भिंतीवर प्लास्टिकची वेल चढली. “हिले पाणी लागत नाई दादा, म्हंजे पाण्याची बचत,” ते मला म्हणाले. गच्चीवर प्लास्टिकचं गवत अंथरलं. एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी पाय ठेवणाऱ्याला नाचता येत नसलं तरी नाचावं लागे. फाटकाचे लोखंडी पाइप बांबूसारखे रंगवले, सिमेंटच्या भिंतींना मातीचा रंग दिला. आणि सगळ्यांत मानाचं म्हणजे पश्चिमेच्या अंगाला, रस्त्यावरून दिसेल असं स्वयंपाकघर, आणि त्याला खालपासून वरपर्यंत काच. न उघडणारी. नैसर्गिक उजेड यावा म्हणून. काच हिरवी होती, एवढं मात्र मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

मी चेष्टा करतोय खरी, पण एक गोष्ट मला ठाऊक आहे. जवायांचे वडील आणि आमचे वडील जैनथकडच्या एकाच गावात, दुसऱ्यांच्या कपाशीत राबले. आम्ही सगळे पऱ्हाटीच्या कुडात वाढलो. कुड म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. उन्हाळा आला की त्यापुढे डहाळ्यांचा मांडव. नोकरी लागल्यावर माणसाला सगळ्यांत आधी काय विसरायचं असेल तर तो कुड आणि तो मांडव. जवायांची काच ही नुसती काच नव्हती. ती गावाकडे फिरवलेली पाठ होती, आणि त्या पाठीला मी कधी हसलो नाही. पोटाला हसलो असेन.

पण त्या काचेमागे उभं राहायचं होतं माझ्या बहिणीला.

आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि पाहिला त्याला सांगायची गरज नाही. दुपार कलली की ऊन त्या काचेतून आत येई आणि थेट ओट्यावर बसे. दोन एसी होते, एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. स्वयंपाकघराच्या वाट्याला नैसर्गिक उजेड आला होता. एकदा भाकरी थापता थापता बहीण भोवळ येऊन खालीच बसली. भाकरी तव्यावर जळाली, तेव्हा कुठे हॉलमध्ये वास गेला.

“काचेले एक खिडकी पाडा,” ती म्हणाली.

“पाडू ना. स्पर्धा होऊ दे,” जवाई म्हणाले.

स्पर्धा म्हणजे ‘आदर्श हरित घर’. ती भरवली होती शहरातल्या सिमेंट आणि टाइल्सच्या दुकानदारांनी, यावरून तिची निसर्गावरची माया लक्षात यावी.

“स्पर्धेपर्यंत मी राह्यली पाहिजे ना पण,” बहीण म्हणाली.

मग जवाई ट्रेनिंगला हैदराबादला गेले आणि बहिणीने मला फोन केला. “दादा, मांडो टाकाचा हाय.”

मला दोनदा सांगावं लागलं नाही. रविवारी गावाकडून आमचा चुलतभाऊ ऑटोभर सामान घेऊन आला: खांबांसाठी बल्ल्या, वरून टाकायला पऱ्हाटी, आणि सगळ्यांवर झाकायला जांभळीच्या हिरव्यागार डहाळ्या. दुपारपर्यंत काचेपुढे मांडव उभा. आता आमच्याकडे दारात जांभळीचा मांडव पडला म्हणजे लग्न, यात कोणाला शंका नसते. शेजारच्या तेलुगू काकू साडी बदलून आल्या. “पेळ्ळी एवरिदी, सार?” लग्न कोणाचं, म्हणून. मी गंभीरपणे सांगितलं, “स्वयंपाकघराचं. सावलीशी.” त्या बहिणीकडे पाहून म्हणाल्या, “तुमचा भाऊ बरा आहे ना?”

त्या संध्याकाळी बहिणीने ओट्याशी उभं राहून गाणं गुणगुणलं. कित्येक दिवसांत मी तिला तसं ऐकलं नव्हतं.

जवाई परतले. फाटकाशी उभे राहिले. बॅग खाली ठेवली.

“हे काय हाय? आपलं घर हाय का रसवंती? काऊन टाकला हा मांडो? लोकं येऊन उसाचा रस मागतीन!”

“मागू द्या. मी देईन,” बहीण म्हणाली. “गुऱ्हाळातल्या कढईपेक्षा रसवंती बरी.”

बराच वाद झाला. शेवटी ठरलं असं, की परीक्षक यायच्या दिवशी मांडव काढायचा, आणि काढला तो काढला, पुन्हा घालायचा नाही. बहिणीने भाकरी जरा जोरात थापायला घेतली. तिची ती थापण्याची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मी विषय बदलला. पुढचे काही दिवस जवाई रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन मांडवाखालीच बसत. विचारलं की म्हणत, “इथं मोबाइलले नेटवर्क चांगलं येते.”

परीक्षक ठरलेल्या वेळेच्या आधी आले. हैदराबादचे एक जाडसर इंजिनिअर साहेब आणि आर्किटेक्चर शिकवणाऱ्या एक बाई. ऊन ऐन भरात. जवाई तेव्हा स्टुलावर चढून डहाळ्या ओढत होते. पाहुणे आपोआप सावलीत येऊन बसले, आणि मग जे झालं ते पाहायला मी तिकीट काढलं असतं. जवाई वरून घराचे गुण सांगत पऱ्हाटीसकट एकेक डहाळी काढत, तिथून उन्हाचा पट्टा खाली येई, इंजिनिअर साहेब खुर्ची सरकवत. जवाई पुढची डहाळी काढत, साहेब पुन्हा सरकत. वेल, गवत, बांबू, असं करत करत साहेब खांबाला जाऊन टेकले. वर नुसत्या बल्ल्या उरल्या. साहेबांनी रुमाल डोक्यावर घेतला.

“किचन की वॉल बहुत सुंदर है,” बाई म्हणाल्या, आणि बहिणीकडे वळल्या. “आप बताइए, इसमें काम करना कैसा लगता है?”

जवाई स्टुलावर थिजले. बहिणीने मनात आणलं असतं तर एका वाक्यात बक्षीस उडवलं असतं. ती फक्त म्हणाली, “मैं क्या बोलूँ मॅडम. घर इन्होंने बनाया, इनको पूछो.”

इथे माझ्या जिभेवर साक्षात कोणीतरी येऊन बसलं. मी म्हणालो, “मॅडम, हमारे जवाईबापू के हाथ की चाय पूरे जिले में मशहूर है. इसी किचन में बनाते हैं.”

जवायांनी उभ्या आयुष्यात चहा केलेला नव्हता. पण बाई खूश झाल्या, “अरे वा!” म्हणाल्या, आणि साहेबांनी रुमालाखालून मान हलवली. नाही म्हणायची सोय उरली नाही. बहिणीने पदराने घाम टिपला आणि अगदी मायेने विचारलं, “साखर कुठं हाय माहीत हाय ना?”

जवाई आत गेले. आम्ही चौघे बाहेरून पाहत राहिलो. दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवल्यासारखे ते हिरव्या काचेमागे स्पष्ट दिसत होते. पातेलं सापडलं. गॅस पेटला. समोरून सूर्य, खालून शेगडी, मागे भिंत. ते थोडा वेळ ताठ उभे राहिले, काचेतून आमच्याकडे बघून हसलेही. मग बाहीने कपाळ पुसलं. मग वरचं बटण काढलं. मग दुसरं. एक हात काचेवर टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बाई आता हसत नव्हत्या. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि बहिणीने खाली पाहिलं.

दूध उतू गेलं. जवायांनी पातेलं उचललं नाही, गॅसही बंद केला नाही. काचेला तोंड लावून, परीक्षकांसमोर, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले:

“दादा, टाका हो त्या डहाळ्या वर! मी मरून राह्यलो ना इथं!”