साडेतीनशे की चारशे चोपन्न

गॅरेजमध्ये नोकरी करणाऱ्या बाईकडे किस्से साठतात, त्यात तिचा काही दोष नसतो. मी मूळची डोंबिवलीची, डिप्लोमा मेकॅनिकल. नवरा, म्हणजे मंदार, सोहारला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात लागला म्हणून मी ओमानला आले. घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून नोकरी धरली. नऊ वर्षं झाली, जुन्या अमेरिकन मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्या, दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात काउंटरवर बसते. आता कोणाकडे जेवायला गेलं की पानं वाढायच्या आधीच फर्माईश येते, "सुजाता, त्या मास्तरांच्या गाडीचं सांग ना!"

म्हणजे मंदारच्या कारखान्याची एवढी मोठी भट्टी, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. तो बिचारा कोशिंबीर वाढत बसतो.

आधी माणसं सांगून टाकते, तीनच आहेत. आमचे मालक सलीम, त्यांना सगळे अर्बाब म्हणतात. हेड मेकॅनिक इब्राहिमभाई, रत्नागिरीकडचे, तीस वर्षं ओमानात, इंजिनाच्या आवाजावरून आजार सांगतात. आणि गिऱ्हाईक उस्ताद नासिर, म्हणजे नासिर मास्तर. रिटायर्ड, गणिताचे. सोहारमध्ये चाळिशीच्या पुढचा कुठलाही माणूस धरा, त्याचा कान उस्तादांनी कधी ना कधी पिरगाळलेला असतो.

गॅरेजात सगळे हिंदी-अरबीची खिचडी बोलतात. तुम्हाला आपली मी मराठीत सांगते.

*

उस्ताद पहिल्यांदा आले ते टोइंगच्या ट्रकमध्ये पुढे बसून, मागे गाडी. दोन दारांची, लांबलचक, एके काळी निळी असावी. कोंबड्यांनी आत संसार केला होता.

मी पेन घेऊन तयार. "काय प्रॉब्लेम आहे?"

असं विचारायचं नसतं इथे! आधी कहवा, खजूर. मग तुमचे आईवडील कसे, मुलगी कशी, भारतात पाऊस कसा, माझ्या बकऱ्या बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पाऊण तासाने उस्ताद म्हणाले, "आणि हो, ही गाडी."

तरुणपणी घेतलेली गाडी. वीस वर्षांपूर्वी इंजिन जॅम झालं, तेव्हापासून खजुराच्या झाडाखाली उभी. आता बाहेर काढायला कारण होतं. उस्तादांचे डोळे अधू होत चालले होते, डावा तर जवळजवळ गेलाच होता. लायसन्सचं रिन्यूअल चार महिन्यांवर, तेव्हा डोळ्यांची तपासणी होणार. "मुली, त्याच्या आत मला ही गाडी एकदा समुद्राकाठच्या रस्त्यावर चालवायचीय. एकदाच."

आता अशा माणसाला नाही कसं म्हणणार? आमच्याकडे बसण्यासारखी दोन इंजिनं होती. एक साडेतीनशे, एक चारशे चोपन्न. हे आकडे क्युबिक इंचाचे. मी त्यांना सोपं करून सांगितलं, "छोटं पाच पॉइंट सात लिटर, मोठं सात पॉइंट चार."

"तुझी गाडी किती?"

"दीड."

"म्हणजे तुझ्या पाच गाड्या एकाच बॉनेटखाली!" असे खूश झाले की काय सांगू! आणि लगेच चेहरा पडला. "पण उम्म खालिद भिते ना." उम्म खालिद म्हणजे त्यांची बायको. "मी साठच्या वर काटा नेला की ती मोठ्याने दुआ म्हणायला लागते. छोटंच लिहून ठेव."

मी लिहिलं, छोटं. गेटपर्यंत जाऊन परत आले. "पेन्सिलने लिही."

*

उस्तादांनी मग सोहारभर सल्ला विचारला. एका गुरुवारी त्यांचे नऊ जुने विद्यार्थी गॅरेजात हजर! कोणी बंदरावर क्रेन चालवणारा, कोणी बँकेत मॅनेजर, एकाला तर नातू झालेला. सगळे उस्तादांसमोर हात बांधून उभे, पण मत एकच, मोठं. अर्बाबसुद्धा मोठं. ते इंजिन चार वर्षं स्टोअरमध्ये त्यांची वाट अडवून पडलं होतं, म्हणून.

इब्राहिमभाई एकटे छोट्याच्या बाजूने. "पळवायला काय, कायपण पळंल. थांबवणार कोण? ब्रेक जुने हायत. नाक जड झालं की वळणावर गाडी तुमचं ऐकणार नाय."

"अरे, लोकशाही आहे!" बँकेवाला म्हणाला. हात वर करून मतदान झालं. मोठ्याला दहा, छोट्याला एक.

इब्राहिमभाईंनी हात पुसले. "झालं? बरं मग, ज्या दहा जणांनी मोठ्याला मत दिलं त्यांनी ते स्टोअरमधून उचलून हिकडं आणा. इंजिन उचलायची आपली चेनकप्पी आज बिघडलीय. तीनशे किलो हाय, दहा जणांत वाटून काय जड नाय."

पाच मिनिटांत गॅरेज रिकामं. अर्बाबना अचानक घरून फोन आला, तोही न वाजता.

*

आता थर्माकोलचा किस्सा. यात गाढवपणा माझा आहे, कबूल करते.

आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी मंदार करतो. थर्माकोल कापायची गरम तार त्याच्या हातात असली की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मला वाटलं, एवढालं धूड क्रेनने उतरवून मग कळणार की बसत नाही, त्यापेक्षा मोठ्या इंजिनाचा डमी करून बघू. मंदारने मापं घेतली आणि हॉलमध्ये कारखाना काढला. वर चंदेरी रंग मारला, बोल्टसुद्धा रंगवले! मुलगी इंडियन स्कूलमध्ये, तिचं मराठी अडखळतच येतं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आई, या वर्षी बाप्पा इंजिनवर सिट करणार?"

गॅरेजात डमी बसवला. झकास बसला! मी नाचायचीच बाकी होते. इब्राहिमभाईंनी वाकून ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या, बाजूला बोट घातलं.

"बाय, हे दबलंय हितं. चांगलं इंचभर."

"थोडंसं दाबलं आम्ही. बसत नव्हतं ना."

"थर्माकोल दबलं. लोखंड दबंल काय?"

माझं तोंड एवढंसं झालं. त्यांनी वैतागून तो डमी बॉनेटमधून एका हाताने उपसला, काखेत मारला आणि शिंकले. नेमके त्याच क्षणी उस्ताद दारात!

चंदेरी इंजिन, आठ सिलिंडर, काखेत. आणि उस्तादांना दिसायचं ते सगळं धूसरच. हातातली खजुराची पिशवी खाली पडली. "ला इलाह..." एवढंच ऐकू आलं.

आम्ही नंतर हज्जार वेळा समजावलं. पण त्या दिवसापासून उस्ताद इब्राहिमभाईंशी दोन पावलं लांब उभं राहून बोलायचे, आणि अतिशय नम्रपणे.

*

डमीतून एक कळलं. मोठं बसू शकतं, पण बूस्टर सरकवायचा, ब्रेक नवे, पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, रेडिएटर मोठा. म्हणजे निर्णय लवकर हवा. आणि निर्णय कोण घेणार? उस्ताद!

सोमवारी छोटं. मंगळवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं. मंगळवारी दुपारी "उम्म खालिदच्या चेहऱ्याकडे बघितलं, छोटं." मी जॉब कार्ड खोडून खोडून कागदाला भोक पाडलं. शेवटी डोकं सटकलं. नवीन कार्ड भरलं, इंजिनाच्या क्युबिक इंचांचं लिटर करून लिहिलं आणि त्यांना बजावलं, "उस्ताद, घरी न्या, सही करा, यल्ला! आता बदल नाही!"

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. सही नव्हती. लाल पेनने माझ्या लिटरच्या हिशेबावर गोल केला होता आणि खाली शेरा. दहापैकी सहा. पायऱ्या दाखवल्या नाहीत.

चाळीस वर्षांची घोडी मी, तरी पायऱ्या लिहून पाठवल्या. नऊ मिळाले.

*

मग एका बुधवारी उस्ताद आले आणि त्यांनी कोणाचीच विचारपूस केली नाही. कहवाला हात लावला नाही.

"खलास," म्हणाले. डॉक्टरांनी आधीच तपासून सांगितलं होतं, लायसन्स रिन्यू होणार नाही. आणि आजपासूनच स्टिअरिंगला हात लावायचा नाही. उजवा डोळाही आता भरवशाचा नव्हता.

मग म्हणाले, "छोटंच बसवा. अंगणात उभी करीन. रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून आवाज ऐकीन. तेवढं पुरे."

तीन महिने जो माणूस छोट्यासाठी सगळ्यांशी भांडला, त्या इब्राहिमभाईंनी पाना फेकला! "पाच मिनिटं आवाज ऐकायला मी इंजिन बसवू? मी नाय बसवणार! छोटं नाय न् मोठं नाय!" आणि मागच्या बाजूला निघून गेले. मी रजिस्टर उघडून त्यात तोंड घातलं. खरं सांगते, रडले मी. तीन महिन्यांत एवढी चिडचिड केली होती मी त्या म्हाताऱ्यावर, आणि आता तो एका शब्दात छोटं म्हणाला तर ते लिहायला हात होईना.

*

तीन दिवसांनी एक पिकअप गेटमधून आत आली. दोन ट्रकच्या मधे फटीएवढी जागा, तिथे ती एका झटक्यात रिव्हर्समध्ये लागली. आमचे ड्रायव्हर बघत राहिले. एका बाजूने उस्ताद उतरले. स्टिअरिंगच्या बाजूने काळ्या अबायात एक ठेंगणी, साठीची बाई.

"मी उम्म खालिद. गाडी कुठाय?"

कहवा आला, तिने हातानेच नको म्हटलं. बकऱ्यांची चौकशी नाही, पावसाची नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने ठोकलं. "डोळे यांचे गेलेत, माझे शाबूत आहेत. लायसन्स तीस वर्षांचं आहे. समुद्राकाठी हिला मी चालवणार, हे शेजारी बसतील. इंजिनं कुठली कुठली आहेत?"

इब्राहिमभाईंनी दोन्ही दाखवली. छोटं कसं शांत, वळणाला हलकं, सांभाळायला सोपं. मोठं कसं आडदांड, त्याला काय काय बदलावं लागेल. मागून उस्ताद हळूच, "छोटं, छोटं..."

"मोठं," उम्म खालिद म्हणाली.

"अगं, पण तू वेगाला भितेस!"

तिने वळून बघितलं. "वेगाला कोण भितंय? मी तुमच्या चालवण्याला भिते."

इब्राहिमभाई जीभ चावून हसू दाबत होते. "बसवतो," ते म्हणाले, "ब्रेक आधी, मग इंजिन."

सहा आठवडे लागले. अर्बाबनी इंजिन बदलायच्या परवानगीचे कागद स्वतः फिरून केले. इब्राहिमभाईंनी ब्रेक तीनदा तपासले, चौथ्यांदा मला तपासायला लावले. शेवटी एका सकाळी निळी गाडी गेटवर उभी राहिली आणि उम्म खालिदने किल्ली फिरवली. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. उस्तादांनी बेल्ट लावला, खिडकीतून आमचे हात हातात घेतले, त्यांचे डोळे भरून आले होते. ते काहीतरी म्हणाले, पण चारशे चोपन्नच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार!

गाडी गेली. रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे, ते अजून आहेत.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास. इब्राहिमभाई गेटपासून काउंटरपर्यंत येरझाऱ्या घालत होते. "स्टिअरिंग ढिलं तर नव्हतं ना, बाय? तू बघितलं होतंस?" मी म्हटलं, "भाई, बसा हो जरा." पण बसवत मलाही नव्हतं.

पाऊण तासाने आवाज आधी आला, मग गाडी. दार उघडून उस्ताद उतरले. टोपी तिरकी, दाढीत वाळू. दाराला धरून तसेच उभे राहिले. मी पाण्याची बाटली दिली, ती एका दमात संपवली. मग माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखे हसत सुटले, थांबेचनात.

इब्राहिमभाई धावत पलीकडच्या खिडकीशी गेले. "बाजी, सगळं ठीक ना? इंजिन कसं वाटलं?"

उम्म खालिदने इंजिन बंद केलं. अबायावरची वाळू झटकली.

"याच्याहून मोठं येतं का?"