सापाच्या मावशीची काच

माझी आई जन्मभर सापसुरळ्या मारत आली आणि मला कळायला लागल्यापासून मी त्यावरून तिच्याशी भांडत आले. मसुऱ्याच्या अलीकडे आमचं घर. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेने चिऱ्याचा गडगा, दगडावर दगड रचून केलेला, मध्ये ना सिमेंट ना माती. त्याच्या फटींत या चकचकीत अंगाच्या, आखूड पायांच्या प्राण्यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. गाव त्यांना सापाची मावशी म्हणतं. नात्यानेच सापाची, म्हणजे विषारी असणारच, असं आईचं ठाम मत. दिसली की ती माडाच्या हिराची झाडू घेऊन धावायची. बहुतेक वेळा शेपटी तेवढी तुटून खळ्यात वळवळत राहायची आणि मावशी गडग्यात पसार व्हायची. मग आई त्या शेपटीलाच चार फटके घालायची.

मी कुडाळला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. तिथेच खोली घेऊन राहते आणि शनिवार-रविवार गावी येते. मी लग्न केलं नाही, वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आमचं भांडण सोडवायला घरात तिसरं माणूस नाही. सापसुरळी बिनविषारी असते हे मी दरवर्षी वर्गात सांगते. ओळखायची खूणही सांगते. सापाला पापणी नसते, सापसुरळीला असते. डोळा मिटला की समजा मावशी आहे, जाऊ द्या तिला. बावीस वर्षं हे वाक्य मी फळ्यासमोर उभी राहून ठणकावून सांगितलं आहे.

या मार्चमध्ये, काजू ऐन भरात असताना, पेज जेवता जेवता आईच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पेज ओघळली. पुसली, तर पुन्हा ओघळली. आरशात बघितलं तेव्हा तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा डोळा मिटत नाही. शेजारीण म्हणाली, वारा लागला असणार. आई देवळात गेली, गाऱ्हाणं घातलं, परत येऊन दिवसभर काजू वेचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला. आधी काजूचं बोलली, मग शेजारणीच्या म्हशीचं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि ता एक सांगूचा रवला. माझो उजवो डोळो कालपासून मिटणा नाय."

मी शाळेत रजेचा अर्ज खरडला आणि मिळेल त्या गाडीने गाव गाठलं. तिला घेऊन उलट पावली कुडाळला आले. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या लगेच सुरू करू, महिना-दोन महिन्यांत बहुधा पूर्ववत होईल. मी सुटकेचा श्वास टाकला. तिथून त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, आणि त्यांनी तो श्वास परत अडकवला.

"नस सुधारेल," त्या म्हणाल्या. "तोवर डोळा टिकायला हवा. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ सुकतं. सुकलं की जखम होते आणि जखमेवर फूल पडतं, पांढरा डाग. यांच्या डाव्या डोळ्यात आधीच फूल आहे ना?"

होतं. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी, भात झोडताना कुसळ गेलं होतं. तेव्हापासून डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आईने बाकीचं सगळं आयुष्य या उजव्या डोळ्यावर काढलं. मला वाढवलं, माझी शाळा केली, काजूची कलमं लावली. तोच एक डोळा आता उघडा पडला होता.

बाईंनी थेंब दिले, मलम दिलं, आणि डोळा हाताने मिटवून वर चिकटपट्टी लावून दिली. आईने पट्टी लावून घरापर्यंतचा प्रवास माझा दंड धरून केला. घरी आल्यावर ओटीवरून उतरताना पायरी चुकली, पाण्याची कळशी लवंडली, तुळशीला हात लावून ती उभी राहिली आणि तिने पट्टी टराटरा ओढून काढली.

"माका आंधळी करून बसवलंस," ती म्हणाली. "दिसता तोच डोळो बांधून ठेवचो? ह्या कसला औषध?"

मी रागावले, समजावलं, पुन्हा पट्टी लावली. तिने पुन्हा काढली. रात्री झोपताना लावू द्यायची, दिवसा नाही. थेंब घालायला मी दर तासाला मागे लागायचे आणि ती "आत्ताच घातलंस मगे" म्हणायची. तीन दिवसांत डोळा लालबुंद झाला. परत दाखवायला गेलो तर बाई यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या. बुबुळावर ओरखडे दिसायला लागले आहेत, असंच आठ दिवस राहिलं तर सांगता येत नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईला मी ते शब्दशः सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पुन्हा काढलेलीच होती. आंधळेपणाची तिला जेवढी भीती होती तेवढी मला कधी कळलीच नव्हती. मी नुसती चिडत होते.

तिला काम करायला मनाई होती, त्यामुळे ती दिवसभर ओटीच्या पायरीवर बसून राहायची. पायरीच्या बाजूला, गडग्याशी, काजूखालचा झाडून काढलेला पातेरा, सुका पाला, ढीग करून ठेवला होता. पाऊस लागण्याआधी तो भाताच्या तरव्यावर, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर, पसरून जाळायचा असतो. तर एका सकाळी मी आतून थेंबांची बाटली घेऊन आले आणि तिने मला हाताने खुणावलं, हळू ये.

"गो, ही मावशी डोळो मिटणा नाय."

पातेऱ्यातून बोटाएवढी, तांबूस-तपकिरी, अंगाला तेल लावल्यासारखी चमकणारी एक सापसुरळी पायरीवर आली होती. पाय एवढाले की पळतानाही पोट घासतच जात असेल.

"मिटता," मी म्हटलं. "सगळेच सापसुरळे मिटतत."

"मोठी मिटता. ती माका म्हायत आसा. ही बारकी मिटणा नाय. मी कालपासून बघतंय."

"नीट बघूक नसशीत."

"माका दुसरा काय काम आसा?"

बावीस वर्षांची मास्तरीण ऐकते थोडीच. तिला खोटं पाडायला मी मोबाइल काढला, पायरीवर पालथी पडले आणि दोन मिनिटं चित्रण केलं. मग हळू करून बघितलं. मावशी मुंगी खाते, मान वळवते, थांबते, ऊन खाते. डोळा एकदाही मिटत नाही. मग एकदम जीभ बाहेर आली आणि तिने आपल्याच डोळ्यावरून ती फिरवली, अगदी चष्मा पुसल्यासारखी. मी ते चारदा बघितलं. आई शेजारी बसून वाकड्या तोंडाने हसत होती, आणि तिला पूर्ण हक्क होता.

दुपारभर मी वाचत बसले. जे कळलं त्याने मी थक्क झाले. या घराण्यात असे चिमुकले प्रकार आहेत ज्यांची खालची पापणी पारदर्शक झाली आणि वरच्या पापणीला कायमची जुळून गेली. डोळा बंदच असतो, पण काचेआड. माझ्या गडग्यातली नेमकी कोणती जात हे मी छातीठोक सांगणार नाही, एकदा तोंडावर आपटले तेवढं पुरे. पण यातली जी पायरीपायरीची गंमत आहे ती आमच्या खळ्यातच होती. आईच्या झाडूला सापडणारी ती मोठी, जाड खवल्यांची, तिच्या पापणीवर खवले असतात. मिटली की अंधार. नारळाच्या सोललेल्या सोडणांखाली राहणारी एक बारीक ठिपक्यांची असते, तिच्या खालच्या पापणीत इवलीशी खिडकी असते; डोळा मिटूनही तिला दिसतं. आणि ही बारकी. पहिलीकडे लाकडी झडप, दुसरीने झडपेला काच बसवली, तिसरीने काच बसवून झडप कायमची लावून टाकली. जीव जेवढा लहान तेवढा उघडा डोळा लवकर सुकतो, म्हणून ही सोय झाली असावी, असं जाणकारांना वाटतं. मी बावीस वर्षं सांगत आलेली खूण या एवढ्याशा जनावराने मोडीत काढली होती, आणि मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी आनंदच होत होता.

संध्याकाळी चहा पिताना मी हे सगळं आईला सांगितलं.

"म्हणजे डोळो बंद आसा, तरी दिसता?"

"व्हय."

"आणि सुकणा नाय?"

"नाय."

आईने बशी खाली ठेवली. "मगे माका तसली काच लावन दी."

मी हसले. माणूस वेगळा, सापसुरळी वेगळी, त्यांची पापणी अशी, आपली अशी, हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि अर्ध्या वाक्यात थांबले. आई माझ्याकडे त्या लाल, उघड्या डोळ्याने बघत होती. तिचं म्हणणं इतकं साधं होतं की मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही कुडाळला गेलो. दवाखान्यात आईने मला बोलूच दिलं नाही. पदर सावरून, सरकारी ऑफिसात बोलते ती शुद्ध मराठी काढून तिने सुरुवात केली, "बाई, आमच्या गडग्यात एक सापाची मावशी आहे." बाई पेन हातात धरून ऐकत राहिल्या. मावशीची जीभ, तिची काच, डोळा बंद असून दिसणं, आईने काही म्हणजे काही वगळलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"असं करतात," त्या म्हणाल्या. "पारदर्शक वाटी लावायची, कडा चिकटवून घ्यायच्या. ओलावा आतच राहतो. बहुतेकांना दुसऱ्या डोळ्याने दिसत असतं म्हणून पट्टीवर भागतं. आजी, तुमच्या बाबतीत हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं."

"सुचणार कसं," आई म्हणाली, "तुमच्याकडे गडगा नसेल."

वाटी बसली. आई रस्त्यावर आली ती माझा दंड न धरता. एसटीच्या पाट्या मोठ्याने वाचत, मला कोपराने ढोसत. आत वाफ धरायला लागली तेव्हा तिने कुरकुर केली, पण वाफ म्हणजे ओलावा, म्हणजे डोळा सुखात, असं सांगितल्यावर तिला त्या वाफेचा अभिमान वाटायला लागला. गावात कोणी विचारलं की ती सांगायची, मावशीकडून आणलंय. कोणाची मावशी, हे ती सांगत नसे.

पंधरा दिवसांनी बाईंनी यंत्रातून बघितलं. ओरखडे भरले होते. फुलाचं नाव नव्हतं. मी बाईंच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि आईने मला "उठ, लोक काय म्हणतले" म्हणून दटावलं. नस मात्र अजून सुटलेली नव्हती. पापणी खाली येईपर्यंत वाटी लावायची, असं ठरलं.

घरी आल्यावर आईने गडग्याजवळच्या पातेऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो ढीग यंदा जाळूचो नाय. हयच रवांदे." हिराची झाडू तिने मागच्या पडवीत नेऊन ठेवली. रोज सकाळी ती पायरीवर वाटी लावून बसायची, समोर मावशी काच लावून बसायची, आणि दोघी एकमेकींकडे टक लावून बघायच्या. मी उजळणीचे पेपर तपासत शेजारी बसायचे. खरं सांगायचं तर आई आणि मी इतके सलग दिवस एका घरात राहिल्याला वीस वर्षं झाली असतील. आम्ही सकाळी भांडायचो, दुपारी काजू निवडायचो आणि जेवताना मी तिच्याकडून गावातल्या सगळ्यांची उणीदुणी ऐकायचे.

मुख्याध्यापकांचे फोन वाढायला लागले. परीक्षा तोंडावर, विज्ञानाला माणूस नाही, कधी येताय. मी म्हणायचे, आईची पापणी खाली आली की लगेच. आई ऐकत असायची.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. आई खळ्यात काजू निवडत बसली होती आणि मी रोजच्यासारखी तिची वाटी पुसायला गेले. बाहेरून फडकं फिरवलं, थोडी धूळ निघाली, आज आत वाफ नव्हती, आणि काचेआड पापणी खाली आली. सावकाश, पण पूर्ण खाली आली आणि परत वर गेली. मला वाटलं, भास झाला. मी तशीच वाकून राहिले. पुन्हा तेच.

"आये," मी ओरडले, "डोळो मिटता तुझो!"

"व्हय," आई म्हणाली आणि एक किडका काजू बाजूला टाकला.

"म्हणजे तुका म्हायत होता? कधीपासून मिटता?"

"चार दिवस झाले."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

आईची बोटं काजूंमधून फिरत राहिली. मग खाली बघूनच ती म्हणाली, "तुझी रजा संपतली म्हणान."

मी तिथेच जमिनीवर बसले. माझ्या हातातलं फडकं मी घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मग उठून ओटीवरचा मोबाइल घेतला, मुख्याध्यापकांना फोन लावला आणि सांगितलं की सर, आईचा डोळा अजून पुरता मिटत नाही, निदान आठ दिवस तरी लागतील.

आईने मान वर केली नाही. "पंधरा सांग," ती म्हणाली.