बोरन्हाणातली पुस्तकं

नलिनी सातार्डेकर लग्न होऊन दहिसरला गेली, आणि मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आता कॅरम चालतो. तिथून जाताना मला अजून पोरांचा कालवा ऐकू येतो.

नलूचे वडील गिरणीत होते. संपात गिरणी सुटली, तिचं कॉलेजही सुटलं. तिने बालवाडीचा कोर्स केला आणि त्या हॉलमध्ये तीन-चार वर्षांची पोरं गोळा केली. मी नुकतीच मराठी घेऊन बी.ए. झाले होते. नोकरी मिळेपर्यंत तिच्याकडे जाऊन बसायचे.

बालवाडीत एक लाकडी घोडा होता, मणी होते, आणि एकच चित्रांचं पुस्तक. नलू ते पोरांकडे तोंड करून धरायची आणि स्वतः वरून वाकून, उलटं वाचायची. त्याच्या पानांना कोपरे उरले नव्हते.

शहाऐंशीच्या संक्रांतीला महिला मंडळाने बालवाडीला एक वस्तू द्यायचं ठरवलं. अध्यक्ष प्रेमाकाकूंना टेपरेकॉर्डर हवा होता, इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटसकट. नलूला पुस्तकं.

"पोरं पुस्तकं फाडतात गं," काकू म्हणाल्या. "टेपरेकॉर्डर फाटत नाही."

"पण तो लावला की पोरं गप्प बसतात, काकू. मला ती बोलायला हवीत."

"समोरच्या नर्सरीतली फाडफाड इंग्रजी बोलतात. तुझी काय बोलतात? शू लागली!"

बायका हसल्या. नलूही हसली. मग म्हणाली, "बोरन्हाणाला मी पुस्तकं मांडते. पोरांनी हात लावला तर पुस्तकं घ्या. नाही लावला तर टेपरेकॉर्डर. मी परत विषय काढणार नाही."

"ठरलं," काकू म्हणाल्या. मी थक्क झाले. जिन्यात तिला म्हटलं, "वेडी आहेस का? ऊस आणि बोरं सोडून कोण पुस्तकाला हात लावणार?"

"बघू ना," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता.

स्टेशनजवळच्या शिवदासच्या दुकानातून आम्ही पुस्तकं आणली. अट एकच, कोरं राहिलं तर परत, डाग पडला तर विकत. नलू प्रत्येक पुस्तक मोठ्याने वाचून बघत होती. "ह्यात ससा शेवटी माफी मागतो. पोरं कधी स्वतःहून मागतात का? परत ठेव ते." तिने मासळी बाजाराचं घेतलं, आगगाडीचं घेतलं, गुळगुळीत कागदावरचं एक रशियन अस्वल घेतलं. बोधकथांचं जाड पुस्तकही घेतलं. "काकूंचंही एक असू दे."

संक्रांतीनंतरच्या रविवारी लहानग्यांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून सतरंजीवर बसवलं. काकूंनी त्यांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओतला. पोरं तुटून पडली. पुस्तकं कडेला मांडली होती. कुणी बघितलंसुद्धा नाही. एक पोरगा तर अस्वलावर पाय देऊन गेला.

"झालं?" काकू म्हणाल्या.

नलूचे कान लाल झाले होते. मी पुस्तकं उचलायला वाकले. नलू चिडली की मालवणीत बोलायची. "राधे, गप रव!"

बालवाडीतली सगळ्यात धाकटी कमळ दोन्ही मुठींत बोरं घेऊन उभी होती. तिची आई मासे विकायची. बोरं ठेवायला तिला जागा हवी होती. तिने कोपराने मासळी बाजार उघडला, चित्रातल्या टोपलीवर बोरं मांडली आणि ओरडली, "ताजे हाय, ताजे!"

गिऱ्हाइकं जमली. कुणी आगगाडीच्या डब्यांत चुरमुरे भरले. कुणी अस्वलाला चोखलेला ऊस भरवला. सगळी एकदम बोलत होती.

"अगं, वाट लागली पुस्तकांची!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या.

नलूने पुस्तकांचे दोन ढीग केले. "डाग पडलेली आपली. कोरी शिवदासला परत." बोधकथा कोऱ्या निघाल्या.

काकूंनी शब्द पाळला, पण म्हणाल्या, "कपाटात राहतील. कुलूप लावून."

"मग टेपरेकॉर्डरच आणा, काकू."

मी नलूकडे बघत राहिले. जिंकलेलं ती परत देत होती. काकू पदरावरचे चुरमुरे झटकून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांना मुंग्या लागल्या. नलूने ती व्हरांड्यात उन्हात उघडून ठेवली. पोरं भोवती उकिडवी बसली. तेवढ्यात काकू आल्या. हातात कुलूप होतं.

"काकू, अस्वलाच्या नाकात मुंगी गेली," कमळ म्हणाली. "फुंकर मारा ना."

काकू गुडघे धरून खाली बसल्या. फुंकर मारली. पोरांनी पान उलटलं, तिथेही मुंग्या. काकूंनी पुन्हा फुंकर मारली. असं करत पोरांनी त्यांना अख्खं अस्वल सांगितलं. काकू मध्ये मध्ये "मग?" म्हणत होत्या.

उठताना त्या नलूकडे न बघता म्हणाल्या, "ह्या मुंग्या कपाटात गेल्या तर कपाटभर होतील. पुस्तकं बाहेरच राहू देत."

नलूने मान डोलावली. ती ओल्या फडक्याने आगगाडी पुसत होती.