वंदीचं साक्षगंध आणि मिनीबसचे दिवे

काकांच्या मिनीबसला धक्का मारल्याशिवाय आमच्या घरातलं एकही शुभकार्य पार पडलेलं नाही.

काकांनी त्या जुन्या गाडीतल्या सीटा काढून दोन दिवाण टाकले होते, शेगडी बसवली होती आणि काकूच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले होते. फिरतं घरच! खोड एकच. आतले पिवळे बल्ब जरा वेळ लावले की बॅटरी बसायची, आणि जरीचे पदर खोचून सगळं खानदान खाली उतरायचं.

अशात चुलतबहीण वंदीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याकडच्या एका गावात ठरलं. होणारे सासरे दादाराव भारी तिखट. पाहुणे उशिरा आले म्हणून त्यांनी आधीची एक सोयरीक मोडली होती म्हणे. त्यांच्या दारात धक्का मारत जायचं, या विचारानं वंदी रडकुंडीला आली. मी (विज्ञानाचा मास्तर!) तिला धीर दिला, "एलईडी लावतो. बॅटरीले पत्ताबी लागनार नाही."

राजापेठेतल्या दुकानातून बल्ब आणले. वीज इतकी कमी खातात, तर मग दोन-चारच कशाला? छताला एक रांग लावली, दाराला एक, दिवाणाखाली एक (चप्पल सापडावी म्हणून), आणि उरलेले बल्ब टपावर. काकांनी विचारलं, ही गाडी आहे की मंडप? मी नुसता हसलो. शिकलेल्या माणसाला असं हसता येतं.

गाव जवळ आलं तसं काकूनं गाडी थांबवली. वंदीला शालू नेसवायचा होता. दिवस नुकताच मावळला होता, दोन्ही बाजूंना कपाशी. मी ऐटीत बटण दाबलं. काय तो उजेड! क्षणभर माझाच मला अभिमान वाटला. मग कपाशीतून एक पतंग आला आणि त्याच्यामागून त्याचं सगळं गणगोत. त्या वर्षी बोंडअळीनं वऱ्हाडभर कपाशीची वाट लावली होती, आणि त्या अळ्यांचे आईबाप आता आमच्या गाडीत! पेढ्यांवर पतंग, काकांच्या फेट्यात पतंग, काकूच्या अंबाड्यात पतंग. दिवे बंद करावेत, तर वंदीचा शालू अर्धाच नेसून झालेला.

"साक्षगंध पोरीचं आहे का पाखराईचं?" काकू कडाडली.

एवढ्यात मोटरसायकल थांबली. पाहुणे कुठं अडकले ते बघायला खुद्द दादाराव आले होते. वंदी पडद्यामागे दडली. काकूनं नमस्काराला हात जोडले, तर त्यातच दोन पतंग सापडले. दादाराव आमच्याकडे बघेनात, त्यांची नजर वर.

"हे लाइट कोनं लावले?"

सगळ्या खानदानानं माझ्याकडे बोट दाखवलं. आता सोयरीक मोडणार आणि ती माझ्या नावावर जमा होणार, याची मला खात्री पटली.

"बंद नोका करू," दादाराव म्हणाले. "सारा हंगाम फवारून राहिलो, पन एवढे पतंग एका जागी नाही पायले. गाडी अशीच माह्या वावरात घाला."

आणि वंदीचं साक्षगंध वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे चक्क बांधावर झालं! दिव्यांखाली पाण्यात रॉकेल टाकून घमेली मांडली होती. इकडे वंदीला कुंकू लागत होतं, तिकडे घमेल्यांत पतंग पडत होते, आणि सासरेबुवा सुनेऐवजी घमेलीच डोळे भरून बघत होते. मी तर हवेतच होतो. तेवढ्यात दिवे मिणमिणले आणि गेले. बॅटरी बसली होती. एकेक बल्ब कमी खाणारा, पण मी अख्खं गावजेवण बसवलं होतं ना! मग दोन्हीकडच्या वऱ्हाड्यांनी मिळून गाडीला धक्का मारला.

तेव्हापासून वंदीच्या सासरी माझा मोठा मान आहे. कपाशीला बोंडं धरली की दादारावांचा न चुकता फोन येतो. आधी काकांच्या गाडीची तब्येत विचारतात, मग मुद्द्यावर येतात.

"गाडी पाठवा, मास्तर. तुमी नाही आले तरी चालते."