फळ्यापाशी उभी राहिलेली मुलगी

मार्करचा वास आला की बुऱ्हाणपूरच्या शाळेतला अकरावीचा एक तास आठवतो. धडा घरी व्हिडिओवर पाहून या, गणितं वर्गात सोडवू, असं मी मुलांना पहिल्यांदाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक नेमके मागच्या बाकावर येऊन बसले, आणि एकही मूल मान वर करेना. शेवटी बहादरपूरहून येणारी एक मुलगी उठली. "सर, व्हिडिओ देखला, पण समझला नाही. तुम्हीच शिकवा ना." मी मार्कर तिच्यापुढे धरला. "समजलं तेवढंच लिही." दोन ओळी लिहून ती अडली. मग खिडकीजवळून कोणी म्हणालं, "अगं, चिन्ह बदल." "नाही, पहले कंस सोडव," दुसरी म्हणाली, आणि बघता बघता फळ्याभोवती वाद जुंपला. मुख्याध्यापक उठले, तेव्हा वाटलं, संपलं सगळं. ते मुलांमध्ये जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "कंस आधी." त्या दोन शब्दांनी मला किती हायसं वाटलं, ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.