ताई आणि चादरीचं दुसरं टोक

ताई गेली त्याला आज वीस दिवस झाले. सगळे म्हणतात तिच्याबद्दल काहीतरी लिही. मला लिहायला कुठं येतं, बोलते तसं टाइप करते, चुकलं तर पोटात घाला.

ताई माझी मोठी बहीण. आमची लॉन्ड्री अकरा बायकांची, मालक कोणी नाही, सगळ्याच मालकिणी. त्यामुळे भांडणं किती ते विचारूच नका. दवाखान्याच्या, हॉटेलांच्या मोठ्या चादरी येतात, घडीला दोघी लागतात. ताईने नियमच काढला. जिचं पटत नाही तिने दुसरं टोक धरायचं. एका घडीला एकीने बोलायचं, पुढच्या घडीला दुसरीने. प्रत्येक घडीला दोघी जवळ येतात ना, शेवटी नाकाला नाक. तेवढ्या जवळून ओरडणार किती? हसूच येतं.

एकदा ताईनेच घडीचं मशीन आणायचं काढलं. तिचे खांदे पार गेले होते, वेणी घालायला हात मागे जात नव्हता. मीटिंगमध्ये म्हणाली, "करा गं हात वर." सगळ्यांनी केले. मी पण. मी घडीवरची, मशीन आलं की माझंच काम जाणार. पण बहिणीला तोंडावर नाही कसं म्हणू?

आमची इस्त्रीवाली, दिवसभरात चार शब्द बोलली तर शपथ, म्हणून तिला सगळ्या गप्पी म्हणतात. तिचा हात कानापाशीच अडकलेला.

"काय गं, मत देतेस का कान खाजवतेस?" ताई म्हणाली.

गप्पीने हात खाली घेतला.

"चल, धर टोक."

पहिली घडी झाली, दुसरी झाली, गप्पी काही बोलेना. तिसरीला जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुझी धाकटी काय करणार मग?"

 ताई चादर धरूनच माझ्यावर फिरली. "आणि तू हात वर केलास होय!"

"तुझे खांदे दिसतात ना मला."

"अगं बावळट, मग बोलायचं! मला काय स्वप्न पडतं?"

मग तासभर नुसता कल्ला. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून दमला. शेवटी ठरलं, मशीन नको, ताईने घडी सोडायची आणि गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायच्या, बसून. दोन दिवस ताई फुगून होती. "माझ्याच नियमाने माझं मशीन घालवलं," म्हणायची, आणि स्वतःच हसायची.

परवा तिच्याशिवाय पहिली मीटिंग झाली. ताईचा फोटो धुलाईच्या खोलीत लावायचा म्हणून सगळ्यांचे हात वर, डोळे पुसत पुसत. माझा गेला नाही. सख्खी बहीण नाही म्हणते म्हणून सगळ्या बघायलाच लागल्या.

गप्पीने चादर काढली. "धर टोक."

पहिल्या घडीला मला रडूच आलं. पुढच्या घडीला कसंबसं म्हटलं, "तिथं सारखी वाफ असते. फोटोवर डाग पडतील."

"खरंय," गप्पी म्हणाली. "डाग दिसला तर ताई स्वतः येऊन धुवायला टाकेल."

सगळ्या हसायला लागल्या, मी पण, किती दिवसांनी.

फोटो आता घडीच्या टेबलासमोर आहे.